डाळिंबी लुगड्यातलं रफू

बायकांच्या खेळाला पुरुषांना आत सोडत नसत, एवढ्या एका कारणानं माझं लिहिणं छापून आलं. नाहीतर मराठी चौथी शिकलेल्या आणि चार माणसांत मान वर न करणाऱ्या बाईला नटनट्यांच्या साप्ताहिकात कोण विचारणार होतं?

त्या वर्षी सोलापुरात बोलपट नवीनच आले होते. आधीच्या मुक्या चित्रांना पेटी-तबला वाजवायला माणसं बसत. ती उठली आणि पडदाच बोलायला लागला. अशात एक दिवस भिंतींवर मोठाले कागद लागले. बोलपटातली मुख्य नटी स्वतः सोलापुरात येणार, आठवडाभर राहणार आणि रोज दुपारी बायकांच्या खास खेळाला बायकांत बसून आपलाच बोलपट बघणार! बैलगाडीला दोन्ही बाजूंनी तिचं चित्र बांधून ताशा वाजवत पेठेपेठेतून फिरवलं. गाडी आमच्या गल्लीत आली तेव्हा सगळ्या मागांची खटखट एकदम थांबली. गिरणीचा भोंगा झाला तरी आमच्या गल्लीत मागाचा आवाज थांबत नसे, तो त्या दिवशी थांबला.

आमचे हे छापखान्यात खिळे जुळवत. घर विणकराचं. सासरे होते तोवर घरात दोन माग चालत. ते गेल्यावर यांनी धोटा ठेवून दिला आणि शिशाची अक्षरं हातात घेतली. माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणे. त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. म्हणायच्या, "बापानं धागं जुळवलं, ल्योक अक्षरं जुळवतोय. आता आमी काय कागद नेसायचा?"

छापखान्यातली वाया गेलेली पानं हे चुलीसाठी घरी आणत. मी ती चुलीत घालायच्या आधी वाचून काढी. साप्ताहिक तिथंच निघायचं, त्यामुळं कोणती नटी सकाळी काय खाते आणि कोणत्या नटाला कसली मोटार आवडते हे सगळं मला भाकरी थापता थापता कळे. त्यातलं एकच खटकायचं. लुगडी चुकायची. चित्रात पदराचे दात इतके लख्ख दिसायचे की आंधळीनंही इरकली म्हणावं, आणि खाली लिहिलेलं असायचं, ‘भरजरी पैठणीत नटलेली चंद्रमुखी’. मी एकदा यांना तसं बोलले. यांनी दुसऱ्या दिवशी छापखान्यात गंमत म्हणून सांगितलं. सगळे हसले, मास्तर तेवढे हसले नाहीत.

मास्तर म्हणजे साप्ताहिकाचे संपादक. पुण्याकडचे, कॉलेजात शिकलेले. पूर्वी शाळेत होते म्हणून मास्तर. नटी येणार म्हटल्यावर त्यांची पंचाईत झाली होती. ती भेटणार बायकांच्या खेळात, आणि त्यांच्याकडे लिहिणारे दोघंही पुरुष. मास्तरांच्या पत्नी बाळंतपणाला माहेरी गेलेल्या. तेव्हा त्यांना पैठणीची गोष्ट आठवली आणि त्यांनी यांना विचारलं, "तुमच्या घरी लिहिता येतं का हो?"

यांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा मी ज्वारी पाखडत होते. सूप तसंच धरून बसले. अंगात एकदम ऊन शिरल्यासारखं झालं.

"मला नाही जमणार," मी म्हटलं.

"मी हो म्हणून आलोय," हे म्हणाले.

आत्याबाई आतून म्हणाल्या, "फुकट खेळ बघायला मिळतोय न्हवं? मग जा की. लाजून काय तिकीट मिळतंय व्हय?"

मला आधी छापखान्यात बोलावलं. मी कागदाच्या गठ्ठ्यांमागं उभी राहिले. साप्ताहिकात लिहिणारे दोघं तरुण तिथं होते. एकाचा भांग मधोमध पाडलेला आणि तोंडात पान, दुसऱ्याच्या खिशाला दोन टाक. त्यांनी मला शिकवायला घेतलं.

"बाई, पहिलं वाक्य डोळ्यांवर. मग हास्य. मग कंठ."

"मग आवडतं फूल विचारा. आवडता रंग विचारा. नटीला हे विचारतातच."

"आणि ‘बसली’ लिहू नका. ‘आसनस्थ झाली’."

"‘आली’ पण नाही. ‘अवतरली’!"

मी मान हलवत राहिले. ते बोलत होते ते शब्द मला वाचून ठाऊक होते, पण हातानं कधी लिहिले नव्हते. मास्तरांनी एक कोरी वही दिली आणि म्हणाले, "हे बघा बाई, घाबरू नका. जे दिसेल ते लिहा."

त्यांचं हे शेवटचं वाक्य मी खरं धरलं. पुढं जे झालं त्यात माझी चूक एवढीच.

शुक्रवारी दुपारी थिएटरात बायकांची अशी गर्दी उसळली की दारावरच्या बाईच्या हातातली तिकिटं विखुरली. गिरणीतल्या बायका, पेठांतल्या तेलुगू बोलणाऱ्या विणकरणी, बाजारातल्या वाणिणी, सगळ्या एका बाकावर मांडीला मांडी लावून. मग नटी आली. सोबत तिची मावशी होती, जाडजूड, कानडी बोलणारी, हातात पानाचा डबा. नटी पडद्यावर असते त्यापेक्षा बुटकी होती आणि तिच्या काजळाला घाम लागला होता. मला तिच्या शेजारी खुर्ची ठेवलेली. मी जाऊन मागच्या बाकावर बसले.

बोलपट सुरू झाला. पडद्यावर नटी सासूला हात जोडून काही सांगू लागली, तेव्हा माझ्या शेजारची म्हातारी उठून उभीच राहिली. एकदा पडद्याकडं बघे, एकदा पुढं बसलेल्या नटीकडं.

"अगं पोरी," ती नटीला म्हणाली, "तू हितं गप बसलीयास, मग तितं बोलतंय कोन?"

सगळ्या बायका हसल्या. नटी मागं वळून म्हणाली, "तिथं पण मीच, आजी. तिथं पगार देतात म्हणून बोलते."

अशी बाई! आणि माझ्या वहीत एक अक्षर नाही. आवडतं फूल विचारायचं म्हणून मी तीनदा पुढं वाकले आणि तीनदा मागं सरले. मान वर करायची सवय नाही, त्यामुळं मला दोन तास दिसला तो फक्त तिचा पदर. डाळिंबी रंगाचं इरकली, गोमी काठ.

मध्यंतराला हवेसाठी बाजूची दारं उघडली. ऊन तिरकं आत आलं आणि नेमकं त्या पदरावर पडलं. आणि मला ते दिसलं.

इथं आमच्या घरची एक रीत सांगायला पाहिजे. मला बघायला आले तेव्हा आत्याबाईंनी मला नाव विचारलं नाही, गाणं म्हणायला सांगितलं नाही. पिशवीतून एक फाटकं धडपं काढून पुढं टाकलं आणि म्हणाल्या, "जुळव." मी धडप्याच्याच टोकाचे धागे काढून, उभे आधी आणि आडवे मागून, असं ते भरलं. आत्याबाईंनी ते उजेडाला धरलं, उलटं केलं, नखानं चाचपलं आणि म्हणाल्या, "कुटं फाटलं हुतं?" झालं, लग्न ठरलं. विणकराच्या घरात याच्यापुढं शाबासकी नाही. नवं लुगडं कुणीही नेसतं. फाटलेलं असं भरायचं की ते कुठं फाटलं होतं हे विणणाऱ्यालाही सापडू नये, ही कसोटी.

तर त्या पदराजवळ चार बोटं रफू होतं. आणि काय रफू! गोमीच्या काठातून सरळ गेलेलं, काठाची एकही रेघ न मोडता. तिरकं ऊन नसतं तर मलाही दिसलं नसतं. माझ्या हाताला मुंग्या आल्या. पडद्यावर पुढं काय झालं, नटीला तिचा नवरा परत मिळाला की नाही, मला आजतागायत माहीत नाही.

घरी येऊन मी एका बैठकीत लिहून काढलं. डोळ्यांवर एक वाक्य लिहिलं, ‘अवतरली’ हा शब्द घातला, म्हातारीची गोष्ट लिहिली. आणि मग खरं लिहिलं. ते पान माझ्याजवळ आहे, म्हणून जसंच्या तसं उतरवते. ‘नटीबाईंनी डाळिंबी इरकली लुगडे नेसले होते. पदराजवळ चार बोटे रफू आहे. असे रफू मी आमच्या अख्ख्या पेठेत पाहिले नाही. धागा त्याच लुगड्याचा काढलेला आहे. कुणा कसबी कारागिराचा हात आहे. ज्याला शिकायचे असेल त्याने जाऊन बघावे.’

मास्तरांनी वरच्या दहा ओळी वाचल्या, डोळे आणि ‘अवतरली’ बघून "छान, छान" म्हणाले आणि पान पुढं दिलं. अंक मंगळवारच्या बाजाराला निघायचा होता, त्यांना घाई होती. पुढं ते पान यांच्याच हातात आलं. यांनी एकेक अक्षर जुळवलं, म्हणजे प्रत्येक शब्द डोळ्याखालून गेला. यांना त्यात वावगं काही दिसलं नाही. उलट रफूच्या ओळी इतक्या आवडल्या की त्या यांनी ठळक खिळ्यात घेतल्या.

मंगळवारी अंक घरी आला. माझी ओळ काळी कुळकुळीत, ठसठशीत. शाई अजून ओली होती, बोटाला लागली. मी ते बोट दिवसभर धुतलं नाही, भाकरी डाव्या हातानं थापली आणि ती वाकडी झाली. ‘एक स्त्री’ असं खाली छापलं होतं. ती स्त्री मी! गल्लीत कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा मी दाराआड उभी राहून ऐकलं. पुन्हा लिहायचं, हे मी तिथंच दाराआड ठरवलं. काय वाटेल ते झालं तरी पुन्हा लिहायचं.

बुधवारी थिएटरचे मॅनेजर छापखान्यात आले. मला बोलावणं आलं. मी पोचले तेव्हा ते अंक हातात घेऊन टेबलाभोवती फिरत होते.

"रफू! अहो मास्तर, रफू! लोक नटीला बघायला येतात ते ती फाटकं नेसते म्हणून? कंपनीला काय तोंड दाखवू मी? आणि वर ठळक!"

मास्तर यांच्याकडं बघू लागले. हे खाली बघू लागले.

"ही त्यांची स्तुती आहे," मी म्हटलं, पण इतक्या हळू की ते कागदाच्या गठ्ठ्यांनीच ऐकलं असेल.

मधल्या भांगाचा तरुण दुसऱ्याला म्हणाला, "पुढच्या अंकात नटाच्या धोतराचं ठिगळ. एक स्त्री."

"नको, सदरच काढू. ‘आमच्या फाटक्या तारका’."

मॅनेजर गेल्यावर मास्तर म्हणाले, "बाई, नटीची क्षमा मागावी लागेल. पुढच्या मंगळवारी छापू. तुम्हीच लिहा, तुमच्याच हातचं गेलंय. एवढं लिहायचं: लुगडं नवं कोरं होतं, आमच्या लेखिकेची नजर चुकली." ते रागावून बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते नीट झालं तर बघू पुढचं. नाहीतर हे काम तुमच्यासाठी नाही, असंच म्हणावं लागेल."

मी घरी येऊन लिहायला बसले. ‘आमच्या मागील अंकात नटीबाईंविषयी जो मजकूर आला त्याबद्दल मी नम्रपणे क्षमा मागते.’ इथपर्यंत लेखणी झरझर गेली. क्षमा मागायला मला काय, मी जन्मभर मागत आले. पण पुढं ‘लुगडे नवे कोरे होते’ हे हातातून उतरेना. मी दोनदा ‘लुगडे’ लिहिलं आणि दोनदा खोडलं.

"एक ओळ आहे," हे म्हणाले. "लिहून टाक की. पुन्हा लिहायचंय ना तुला?"

"तुम्ही विणकराचे ना?" मी म्हटलं. "कुणी तुमच्या बापाच्या हातचं रफू बघून म्हणालं असतं की हे रफू नाहीच, तर?"

हे म्हणाले, "बापाला आनंदच झाला असता गं. दिसलं नाही म्हणजे जमलं."

मला हसू आलं, रडूही आलं, आणि ओळ तशीच राहिली.

गुरुवारी दुपारी आत्याबाई खेळाला गेल्या. गल्लीतल्या दहा-बारा जणींना घेऊन गेल्या. परतल्या त्या दारातूनच ओरडत.

"अगं ए, कुटं हायस? लई बाया! लई! समद्या आपल्या इनकरणी, आनि पडद्याकडं एकीचं ध्यान न्हाय. समद्या तिच्या मागच्या बाकड्यावर माना काढून बसल्या."

"दिसलं का रफू?"

"कुटं दिसतंय? भवानी आज हिरवं नेसून आलती! तसं आमी निम्मा खेळ कळ काढली. मग ती म्हातारी न्हाय का, तिनं इचारलंच. म्हनली, पोरी, ते डाळिंबी कुटं हाय? आमी त्यासाठी आलोय."

मी तोंडावर पदर घेतला.

"मग ती वळली. म्हनली, लिवलंय कोनी ते? मी म्हनलं, माजी सून हाय! म्हनली, उद्या सकाळी तिला माज्याकडं पाठवा. कंपनीच्या बंगल्यावर." आत्याबाई पाटावर टेकल्या आणि मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "रागावलेली दिसली गं. पर मी म्हनलं ते म्हनलं."

शुक्रवारी सकाळी मी अर्धवट क्षमापत्र पदराच्या गाठीत बांधून निघाले. आत्याबाई सोबत. बंगला स्टेशनाकडं होता. भीती वाटत होती, पण ती निव्वळ भीतीच होती असं मी म्हणणार नाही. मी नटीच्या घरी चालले होते! रस्त्यात ताशेवाल्यांची गाडी भेटली, तिच्यावर नटीचं चित्र, आणि मी त्या चित्राच्याच घरी चालले होते.

दारात मावशी होती. "बा अक्का, आत ये," म्हणाली आणि आत्याबाईंच्या पुढं पानाचा डबा सरकवला. त्या दोघी तिथंच ओट्यावर जमल्या. नटी आत चटईवर बसली होती. साधं लुगडं, केस ओले, काजळ नाही.

"तूच का ती एक स्त्री?"

मी मान हलवली.

"क्षमापत्र लिहितेयस म्हणून तुझी सासू काल सांगत होती. वाच."

मी गाठ सोडली आणि वाचलं. माझा आवाज मलाच दुसऱ्याचा वाटला. ‘क्षमा मागते’ पर्यंत आले आणि थांबले.

"पुढं?"

"पुढं लिहवलं नाही."

"काय लिहायचं होतं?"

"लुगडं नवं कोरं होतं म्हणून. मास्तरांनी सांगितलं होतं."

"नवं कोरं!" ती एकदम ताठ झाली. "आठ दिवस बसून ते रफू केलं, ते नवं कोरं?"

मी वर बघितलं. तिच्याकडं सरळ बघायची ती माझी पहिली वेळ.

"तुम्ही?"

"मग कोण? आणि हे काय छापलंयस तू?" तिनं अंक उशाखालून काढला. "‘कुणा कसबी कारागिराचा हात आहे.’ कोण हा कारागीर? आण त्याला माझ्यापुढं! क्षमा मागायची तर याची माग."

ती सांगू लागली. लहानपणी नाटक कंपनीत होती. कंपनीत राणीचं भारी लुगडं एकच, आणि रंगभूमीच्या फळ्यांना खिळे वर आलेले. रोज कुठंतरी अडकायचं, रोज फाटायचं. कंपनीचा शिंपी होता, त्यानं हिला शिकवलं. "त्याचं म्हणणं, पुढच्या रांगेतल्याला दिसलं तर पाठीत चापट. मोठ्या मोठ्या गावांतून ते डाळिंबी नेसून आले, कुणाला दिसलं नाही. आणि तुला दिसलं."

"मग नव्या लुगड्याऐवजी तेच का नेसता?" माझ्या तोंडून निघून गेलं. नटीला मी विचारलेला पहिला प्रश्न.

"मऊ आहे. नव्या इरकलीत दोन तास बसून बघ, आणि वर हसून बघ."

मग ती उठली आणि पेटी उघडली. तीन लुगडी माझ्यापुढं टाकली. ते टाकणं बघून मला आत्याबाईंचं धडपं आठवलं.

"तिरकं ऊन होतं म्हणून सापडलं तुला. आता शोध."

पहिलं मोतिया रंगाचं. मी दाराकडं नेलं, उलटं केलं, डोळे मिटून बोट फिरवलं. काठापासून वीतभर आत मला सापडलं. ती "हूं" म्हणाली. दुसरं हिरवं, कालचं. ते कठीण होतं. निऱ्यांत लपेल अशा ठिकाणी धाग्याचा पीळ जरा घट्ट लागला. तिथं नख थांबलं.

"अगं!" ती टाळी वाजवून हसली. "मावशी, हिनं हिरवं पण काढलं!"

बाहेरून आत्याबाई ओरडल्या, "काढनारच! म्या बघून आनलीय तिला!"

तिसरी काळी चंद्रकळा. काळ्यावर काळा धागा. मी ती पुरी उलगडली, बोटानं, नखानं, गालाला लावून, उन्हात, सावलीत, सगळं करून पाहिलं. नटी चटईवर पुढं सरकून माझ्या हाताकडं बघत होती, श्वास धरून, जसं आम्ही त्या दिवशी पडद्याकडं बघायला हवं होतं. माझ्या कपाळावर घाम. मला भूक, लाज, क्षमापत्र, काही आठवत नव्हतं.

शेवटी मी चंद्रकळा घडी करून ठेवली. "नाही सापडत."

ती इतकी खूश झाली की तिनं माझे दोन्ही हात धरले. "हे लिही! सोलापूरच्या विणकरणीला एक सापडलं नाही, हे लिही. आणि ठळक घ्यायला सांग."

मी तिथंच चटईवर बसून क्षमापत्र पुरं केलं. मग ती म्हणाली, "अजून काही विचारायचंय?" मला एकदम शिकवलेलं आठवलं. मी विचारलं, "तुमचं आवडतं फूल कोणतं?"

ती मोठ्यानं हसली. "सगळे हेच विचारतात. काहीतरी घाल, मोगरा घाल."

संध्याकाळच्या गाडीनं ती कुर्डुवाडीकडं गेली.

दुसऱ्या दिवशी मी कागद मास्तरांना दिला. या वेळी त्यांनी शेवटपर्यंत वाचला. दोघं तरुण त्यांच्या खांद्यांवरून वाचत होते. मजकूर असा होता: ‘मागील अंकात आम्ही नटीबाईंच्या लुगड्यातील रफू कुणा कारागिराचे आहे असे लिहिले. हे सर्वस्वी चूक आहे. ते रफू खुद्द नटीबाईंच्या हातचे आहे. त्यांच्या तीन लुगड्यांपैकी एकातील रफू आमच्या लेखिकेला सापडले नाही. याबद्दल आम्ही नटीबाईंची क्षमा मागतो.’

"अहो, पण यात रफू आणखी वाढलंय," मास्तर म्हणाले. "एकाची चार लुगडी झाली. मॅनेजर काय म्हणतील?"

मी कागदाच्या गठ्ठ्यांमागून बाहेर आले. मुद्दाम आले नाही, पाय आले. म्हटलं, "त्यांनी असंच लिहायला सांगितलंय. छापायचं नसेल तर कागद परत द्या. मला जे नाही ते लिहिता येत नाही, मास्तर. मग हे काम माझ्यासाठी नाही."

छापखान्यात माझा आवाज सगळ्यांना ऐकू गेला तो तेव्हा पहिल्यांदा. यांच्या हातातला खिळा खाली पडला. दोन टाकांवाला तरुण म्हणाला, "मास्तर, घ्या. वाचायला मजा आहे." मास्तरांनी कागद एकदा उलटा केला, सुलटा केला आणि यांच्याकडं दिला.

मंगळवारी अंक निघाला. वर मोठ्या अक्षरात ‘क्षमायाचना’. मॅनेजर आले, त्यांनी मथळा बघितला, "हां, असं पाहिजे," म्हणाले आणि अंक काखेत मारून गेले. खालचं त्यांनी वाचलं की नाही देव जाणे. वाचलं असतं तरी त्या आठवड्यात त्यांचं थिएटर विणकरणींनी ओसंडत होतं, तेव्हा ते फार बोलले नसते.

मास्तरांनी मला दुसरी वही दिली. म्हणाले, "श्रावणात एक नाटक कंपनी येतेय. डोळे राहू द्या. तुम्ही आपली लुगडी लिहा." आणि यांना म्हणाले, "ठळक मात्र मला विचारून."

मी वही छातीशी धरून घरी आले. आत्याबाई दारात चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसल्या होत्या. माग नसला तरी शेजारणीच्या कांड्या भरून देत. मी त्यांना अंक वाचून दाखवला. ‘एकातील रफू आमच्या लेखिकेला सापडले नाही’ ही ओळ आली तशी त्यांनी चरखा थांबवला.

"ती काळी व्हय?"

"हो. काळी चंद्रकळा."

"मावशी सांगत हुती की मला पान खाता खाता. पाडव्याला घेतलीय ती, दोनदा बी नेसली न्हाय." आत्याबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "त्यात रफू नव्हतंच गं येडे! फसवलं तुला!"

मी अंकाकडं बघितलं. ओळ ठळक होती. "आता काय करायचं, आत्याबाई? छापून गेलं."

"मग माग की पुन्यांदा क्षमा!" त्या म्हणाल्या आणि चरखा फिरवायला लागल्या. "तेवढंच आनि लिवायला मिळंल."